एकोणिसावा

पहाटेचे साडेपाच वाजलेत. डिचोलीहून मयेच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही धावताय. कडेच्या झाडांवर लाल धूळ बसलीय, पहिला पाऊस झाल्याशिवाय ती धुऊन जायची नाही. पायांत जाड टाचेचे बूट आहेत, मनगटावर घड्याळ. दर किलोमीटरला ते थरथरतं आणि आकडा दाखवतं. ५ मिनिटं ४० सेकंद. गेल्या महिन्यापेक्षा १० सेकंदांनी बरं. मनातल्या मनात तुम्ही स्वतःची पाठ थोपटता.

समोरून एक टेम्पो येतो. रात्री बेळगावहून निघून घाट उतरून आलेला, मागे कोबीचे आणि ढबू मिरचीचे क्रेट. पेडण्यापासून काणकोणापर्यंत आपल्या घरांत रोज बेळगावची भाजी चिरली जाते. दुखणं वाढलं की आपण बेळगावला धावतो, परत येताना कुंदा आणतो. एवढी जवळीक असूनही त्या गावच्या एका माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. आज त्याला भेटायला जायचं आहे. टेम्पो आला त्याच्या उलट दिशेने, आणि शंभराहून जास्त वर्षं मागे.

तयारी फारशी नाही. घड्याळ काढून खिशात टाका. बूट काढा, मोजे काढा. शिरगावच्या जत्रेत लईराईचे धोंड ज्या पायांनी होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून जातात, तसे उघडे पाय मातीला लागू द्या. पहिली काही पावलं खडे टोचतील. मग टोचायचे थांबतील. आता वर बघा.

रस्ता गेला. बैलगाडीची चाकोरी उरली. साल १९१९. डोंगर अजून शाबूत आहेत, कारण खनिजाच्या खाणींचा धंदा इथे यायला अजून तीसेक वर्षं आहेत. तुम्ही नव्या काबिजादीत आहात. डिचोली १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून. राज्य लिस्बनचं, पण देवळातलं कीर्तन मराठी आणि पंतोजींच्या ओसरीवरची बाराखडीही मराठी. १९१० साली लिस्बनमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं, तेव्हापासून इथल्या हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळालाय.

वडाच्या पारावर एक कारकून बसलाय. त्याला पोर्तुगीज वाचता येतं, म्हणून गाव त्याच्याभोवती जमतं. तुम्ही पळत आलात हे बघून त्याला सात वर्षांपूर्वीची एक बातमी आठवते. ती तो कोकणीत सांगतो, मधूनच मराठीत शिरतो. लिस्बनचा एक सुतार होता, फ्रांसिस्को लाझारो. १४ जुलै १९१२ ला स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला, मॅरेथॉन नावाच्या शर्यतीत तो पोर्तुगालतर्फे धावला. ऊन मी म्हणत होतं. चटका लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबी चोपडली होती. घामाला बाहेर पडायला वाट राहिली नाही. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. आधुनिक ऑलिम्पिकमध्ये धावता धावता जीव गेलेला तो पहिला माणूस.

पारावरची माणसं गप्प होतात. एक म्हातारी विचारते, "कित्याक धांवलो तो इतलो?"

हा प्रश्न शिदोरीसारखा बरोबर बांधून घ्या. पुढे लागेल.

साळ मागे पडतं. दोडामार्गाला नाका लागतो, पलीकडे सावंतवाडी संस्थान. मग भेडशी, आणि मग रामघाट. मीठ वर चढतं आणि धान्य खाली उतरतं ते याच वाटेने, बैलांच्या पाठीवर. दगडांत बैलांच्या खुरांनी खळगे पडलेत. तुम्ही निम्म्यात थांबता आणि गुडघ्यांवर हात टेकता. वर पोचलात की हवा बदलते. समुद्राचा ओलसर जडपणा जातो आणि कोरडा, हलका वारा अंगाला लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. खालच्या माणसाला इथे पहिले दोन दिवस दम लागतो, आणि इथे वाढलेल्या पोराला खाली उतरलं की पायांना पंख फुटल्यासारखं वाटतं.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातलं जिल्ह्याचं ठिकाण. किल्ला, लष्कराचा कॅम्प, शहापूरचे माग, गल्लोगल्ली तालमी. तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांनी होमरूल लीगचा पाया इथेच घातला. पण आत्ता गावाच्या चेहऱ्यावर थकवा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने घरंच्या घरं बसवली आणि त्याच साली पावसाने दगा दिला. बाजारात ज्वारीचा भाव ऐकून बाया परत फिरतात.

तुम्ही शोधताय त्या पोराचं नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. हे नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. फडेप्पा, दरेप्पा ही नावं कानडी वळणाची. चौगुला हा मराठी गावगाड्यात पाटलाच्या हाताखालचा वतनदार. एका माणसाच्या नावात सीमाभागाच्या दोन्ही भाषा नांदतायत, आणि या मुलुखात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पुढे या सीमेवरून किती डोकी फुटली ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही. त्याला पळता येतं.

स्टेशनवर चला. मीटर गेजची गाडी आहे, मिरजेवरून पुण्याला जाणारी. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर रात्र काढायची. डोळ्यांत कोळशाचे कण जातात. सकाळी पुणं.

मुठेच्या पलीकडे, गावाबाहेर म्हणावं अशा जागी, १९०६ साली स्थापन झालेलं डेक्कन जिमखान्याचं मैदान आहे. १९१९ साली इथे मैदानी स्पर्धा भरतात आणि जिमखान्याचे अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा त्या बघायला येतात. जमशेटजींचे थोरले चिरंजीव, केंब्रिजला शिकलेले, तिथल्या मैदानांवर खेळलेले. पळणारा माणूस कसा पाऊल टाकतो, कुठे श्वास घेतो, हे त्यांना कळतं.

गर्दीत उभे राहा आणि त्यांचे डोळे बघा. समोर धावणारी पोरं शेतकऱ्यांची आहेत. शेतात राबणारी, अर्धपोटी वाढलेली. शर्यतीचे नियम त्यांना कुणी सांगितलेले नाहीत, सराव कसा करतात हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांचे पाय उघडे आहेत. तरी हातातल्या घड्याळाचा आकडा बघून दोराबजी चक्रावलेत, कारण तो युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातो. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण नोंदवून ठेवली. हिंदुस्थानच्या ऑलिम्पिकची गोष्ट हॉकीपासून सुरू होते अशी आपली समजूत. ती सुरू होते पुण्याच्या मैदानावर, उघड्या पायांच्या या पोरांपासून.

पुढच्या हालचाली वेगाने होतात. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे दोराबजी विषय काढतात. अँटवर्पला १९२० मध्ये ऑलिम्पिक भरणार आहे, आपली पोरं तिथे का जाऊ नयेत? गव्हर्नर मध्ये पडतात आणि ब्रिटिश ऑलिम्पिक समितीकडून वाट मोकळी होते. पैसा उभा करावा लागतो, त्यात मोठा वाटा दोराबजींच्या स्वतःच्या खिशातला. १९२० मध्ये पुण्यात निवडीच्या शर्यती होतात. लांबच्या धावेच्या नावांत निघतात फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. छोट्या अंतरांसाठी बंगालचा पूर्मा बॅनर्जी. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. यादी पुन्हा वाचा. पहिल्यांदा ऑलिम्पिकला निघालेल्या हिंदुस्थानच्या चमूत मराठी मुलुखातली नावं किती आहेत ते मोजा, आणि आपल्या शाळेत हे कुणी शिकवलं होतं का ते आठवा.

बोटीचा प्रवास लांबचा आहे आणि तो तुम्ही डोळे मिटून काढलात तरी चालेल. एवढंच लक्षात असू द्या की बेळगावकडे समुद्र नाही. लंडनला सरावासाठी काही आठवडे मिळतात. भाकरी नाही. उन्हाळा म्हणतात त्या ऋतूत अंगात कुडकुडी भरते. पायाखाली दळलेल्या कोळशाची काळी धावपट्टी असते, मातीपेक्षा वेगळी, पाऊल किंचित मागे ओढणारी.

आणि १ ऑगस्ट उजाडतो. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. बेळगावच्या ज्या गल्ल्यांत चार वर्षांपूर्वी त्यांच्या नावाचा जयघोष झाला, तिथे त्या दिवशी दुकानं बंद असणार. इकडे साहेबाच्या राजधानीत बेळगावचा एक पोरगा पळतोय. मॅरेथॉनला तीन आठवडे उरलेत.

अँटवर्प. या शहराला महायुद्धाने चार वर्षं पायाखाली घातलं होतं. ते संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. स्टेडियमची कामं घाईत उरकलीत आणि पावसाने धावपट्टी भुसभुशीत झालीय. खेळाडूंना झोपायला शाळांच्या खोल्या दिल्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, तुर्कस्तान यांना बोलावणंच नाही. इथून थोड्याच अंतरावर, ईप्रच्या खंदकांत, सहा वर्षांपूर्वी हिंदुस्थानी शिपाई लढले आणि मेले. हिंदुस्थान या भूमीवर आधी बंदुका घेऊन आला, आता पळायला आलाय.

१४ ऑगस्टला उद्‌घाटन. पाच कड्यांचा पांढरा झेंडा ऑलिम्पिकच्या मैदानावर पहिल्यांदा चढतो. खेळाडूंची शपथही पहिल्यांदाच म्हटली जाते. हिंदुस्थानच्या पुढे झेंडा घेऊन पूर्मा बॅनर्जी चालतो. आपला म्हणावा असा झेंडा अजून नाही.

मॅरेथॉनच्या आधी फडेप्पाला १०,००० मीटर धावायचे आहेत. पहिल्या फेरीतच तो बाहेर पडतो. या अंतराचं सुवर्ण फिनलंडचा एक तेवीस वर्षांचा पोरगा घेऊन जातो, पाव्हो नुर्मी. त्याचं हे पहिलं सुवर्ण. त्या रात्री शाळेच्या खोलीत फडेप्पाच्या मनात काय आलं असेल? दहा हजार मीटरच्या शर्यतीत जो टिकला नाही, त्याला दोन-तीन दिवसांत याच्या चौपटीहून लांब पळायचं आहे. घर समुद्रापार. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात अवघड अंतर त्या रात्रीचं आहे.

२२ ऑगस्ट, रविवार. हवा गार आहे, पाऊस पडतोय. ४८ जण रेषेवर उभे राहतात. अंतर ४२.७५ किलोमीटर. आज जगभर मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर असं पक्कं आहे, तेव्हा नव्हतं. अँटवर्पची ही वाट ऑलिम्पिकमधली आजवरची सगळ्यात लांब मॅरेथॉन ठरली. तुम्ही फडेप्पाच्या डाव्या खांद्याजवळ उभे राहा. पुढच्या रांगेत दोन माणसं दिसतील. एक दक्षिण आफ्रिकेचा ख्रिस्टियन गिट्शाम. लाझारो ज्या शर्यतीत गेला, त्याच शर्यतीत हा दुसरा आला होता. दुसरा फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन. गवंडीकाम करणारा, मांसाला हात न लावणारा, स्टॉकहोमला तीन सुवर्णं जिंकलेला. तीसेक वर्षांचा झालाय आणि मॅरेथॉनचं सुवर्ण अजून त्याच्याकडे नाही.

शर्यत सुटते.

पहिले किलोमीटर पावसात जातात. गर्दी ओरडते, कोणत्या भाषेत ते तुम्हाला कळत नाही. स्टेडियमबाहेर दगडी फरसबंदी लागते. ओल्या दगडावर पाय घसरतो, म्हणून पाऊल आखूड टाकावं लागतं आणि पोटऱ्या लवकर भरतात. पण हा पाऊस वैरी नाही. धावताना स्नायू जेवढी ताकद पावलात घालतात, त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगात साठवतात. ती घामावाटे बाहेर पडली नाही तर माणूस आतून उकडतो. स्टॉकहोमच्या उन्हात लाझारोला तेच झालं. इथे आभाळ स्वतःच अंगावर पाणी ओततंय. पारावरच्या म्हातारीला सांगता आलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता.

पुढे गिट्शामने शर्यत उचलून धरलीय. फडेप्पा त्याच्या मागे धावत नाही. ही समज त्याला कुणी दिली माहीत नाही, पण त्याचा वेग त्याचा स्वतःचा आहे. इथे खिशातलं घड्याळ काढून बघा. किलोमीटरला चार मिनिटं. पुन्हा चार मिनिटं. मयेच्या रस्त्यावर ५:४० ला तुम्ही पाठ थोपटली होती. एक किलोमीटर चार मिनिटांत धावून बघा, छाती भात्यासारखी होईल आणि तोंडात लोखंडाची चव येईल. तो माणूस असे बेचाळीस किलोमीटर सलग काढणार आहे, आणि वर पाऊण.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास सगळं पालटतं. शरीराने यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा करून ठेवलेला असतो, तो साधारण इथे संपत येतो. मग शरीर चरबीकडे वळतं आणि चरबी सावकाश जळते. मांड्या दगडासारख्या होतात. डोळ्यांपुढचा रस्ता अरुंद होत जातो. डोकं सतत एकच गोष्ट सांगतं, थांब. तुम्ही मॅरेथॉन धावलेले असाल तर ही जागा तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसाल तर कुणी कितीही सांगितलं तरी ती कळायची नाही. आज तुमच्या कंबरेला अशा वेळेसाठी साखरेच्या रसाच्या पुड्या असतात, दर पाच किलोमीटरला पाण्याचं टेबल असतं. १९२० मध्ये धावताना पाणी पिणं हे दुबळेपण मानणारे जाणकार कमी नव्हते.

पुढे गिट्शामचा बूट फाटतो. दोन तासांच्या पावसाने चामडं भिजून उकललंय. तो लंगडत बाजूला होतो. ज्याच्याकडे शर्यत होती, त्याच्याकडे काही उरत नाही. एकेक करून माणसं रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांत सदाशिव दातारही आहे. ४८ पैकी १३ जण ही वाट पुरी करू शकत नाहीत. ज्याने ही शर्यत अर्ध्यावर सोडली त्याला मी कमी लेखणार नाही. तोही त्याच भाकरीवर वाढला, त्याच बोटीने आला. पण एका चमूतले दोघे, एकाच रस्त्यावर, एकाच पावसात. एकाचे पाय थांबले, दुसऱ्याचे थांबले नाहीत. याचं कारण कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

कोलेहमाइनेन स्टेडियममध्ये शिरतो. २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. त्याच्या पाठीवरच एस्टोनियाचा युरी लोसमान, अवघे तेरा सेकंद मागे. ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये पहिल्या दोघांतलं इतकं कमी अंतर त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. तिसरा इटलीचा व्हालेरिओ आर्री, रेषा ओलांडून आनंदाने कोलांट्या मारतो. एवढं धावल्यावर कोलांट्या! लोक खूश होतात. टाळ्यांचा कडकडाट होतो आणि ओसरतो. काही जण छत्र्या उघडून घरी जायला निघतात.

तुम्ही निघू नका. दाराकडे बघत राहा. चौथा, पाचवा, दहावा येतो. दहावा म्हणजे हान्नेसचा भाऊ तातू. पंधरावा. मध्ये बराच वेळ कुणीच नाही. मग दारात एक बारीक, सावळी आकृती दिसते. चिखल मांड्यांपर्यंत उडालाय. बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले काळ्या धावपट्टीवर येतो, उरलेलं अंतर तोडतो आणि रेषा ओलांडतो.

पंचाच्या मुठीतलं घड्याळ अगदी जवळून बघा. त्याचा काटा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने पुढे सरकतो. म्हणून त्या शर्यतीच्या नोंदींत दशांशाच्या जागी ०, २, ४, ६, ८ असेच आकडे येतात, विषम आकडा सापडत नाही. काटा थांबलाय. २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. एकोणिसावा.

विजेत्यापासून अठरा मिनिटं मागे. पण त्याच्या मागे अजून सोळा जण धावतायत, आणि तेरा जण रस्त्यावर राहिलेत. नियमाने सराव केलेले, चांगलं खाल्लेले, आयुष्यभर बूट घातलेले युरोपी आणि अमेरिकी धावपटू त्यांत आहेत. ज्या देशाने याआधी ऑलिम्पिकला चमू कधी पाठवलाच नव्हता, त्याच्या पहिल्याच मॅरेथॉनचा हा हिशेब आहे. त्याने धरलेल्या वेगाने आजच्या ४२.१९५ किलोमीटरला २ तास ४८ मिनिटं आणि काही सेकंद लागतात. गोव्यातल्या कुठल्याही हौशी धावपटूला विचारा की तीन तासांच्या आत मॅरेथॉन म्हणजे काय. तो क्षणभर गप्प बसेल.

त्याच स्पर्धेत रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला. एका पायरीने पदक हुकलं. त्याचंही नाव आपण विसरलो. चौथ्याला आणि एकोणिसाव्याला ठेवायला आपल्याकडे जागाच नाही. आपल्याला पदक लागतं, पदक नसेल तर माणूस पुसला जातो. हे मी रागाने लिहितोय, आणि राग आवरायची माझी इच्छा नाही.

परत फिरा. वर्षं भराभर उलटतात. १९२४ मध्ये पॅरिसला महादेव सिंग मॅरेथॉन धावतो, २९ वा येतो. १९२७ मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन उभी राहते आणि पहिले अध्यक्ष होतात दोराबजी टाटा. १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचं कांस्य आणतात. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज जातात आणि पेडण्या-डिचोलीच्या पोरालाही भारतातर्फे धावायची वाट पहिल्यांदा उघडते. १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथ सिंग मॅरेथॉनमध्ये अकरावा येतो. २०१६ मध्ये माणदेशाच्या दुष्काळी मोही गावची ललिता बाबर रिओमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावते आणि दहावी येते. तीही शेतकऱ्याच्या घरातली. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यातच भरतात.

रामघाट उतरा. दोडामार्गाचा नाका, साळ, डिचोली. पारावर ती म्हातारी अजून बसलीय. तिचा प्रश्न तुमच्याकडे आहे. कित्याक धांवलो तो इतलो? तुम्ही तिच्यासमोर उभे राहता. उत्तर द्यायला तोंड उघडता, आणि तेवढ्यात पायाखाली डांबर लागतं.

मयेचा रस्ता. सूर्य वर आलाय. बूट तुमच्या हातात आहेत आणि तळवे लाल झालेत. बेळगावचा टेम्पो भाजी उतरवून परत निघालाय, रिकामे क्रेट खडखडतायत. ड्रायव्हर हात करतो, तुम्हीही करा. समोरून शाळेच्या गणवेशातली दोन पोरं दप्तरं पाठीवर टाकून पळत येतायत. उशीर झालाय, घंटा व्हायच्या आत पोचायचंय. एकाच्या पायात चप्पल आहे. दुसऱ्याने ती काढून हातात धरलीय, आणि तो पुढे आहे.

पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत शाळांच्या धावण्याच्या शर्यती दर वर्षी होतात. तिथल्या खेळाच्या सर-मॅडमना माझं एकच मागणं आहे. शर्यत सोडायच्या आधी मुलांना दोन मिनिटं सावलीत उभं करा आणि फळ्यावर एवढी एक ओळ लिहा: फडेप्पा दरेप्पा चौगुले, बेळगाव. मॅरेथॉन, अँटवर्प, २२ ऑगस्ट १९२०. एकोणिसावा. आणि शेवटचा मुलगा येईपर्यंत मैदान सोडू नका.